पान्हा

विस्कॉन्सिन. पहाटेचे चार, उणे अठरा.
गोठ्यात माझे दोघे भाऊ भांडतायत.

ऑर्विन म्हणतो, कायदा म्हणजे कायदा.
त्याची बायको दानूता अकरा वर्षं रांगेत होती,
फी भरत, बोटांचे ठसे देत, पुन्हा देत.
तिला कुणी म्हणालं नाही, ये, मागच्या दाराने ये.
खरंच आहे. तिचे फॉर्म मीच भरायचे.

लेस्टर म्हणतो, मग दूध तू काढ.

सात वर्षं एलाद्यो काढायचा.
मंगळवारी पेंड आणायला गेला,
गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढंच.
त्याचे रबरी बूट अजून दाराशी,
एक आडवा.

हद्दपार, ऑर्विन शब्द नीट उच्चारतो.
कुठली हद्द? लेस्टर विचारतो,
कुंपणसुद्धा त्यानेच घातलंय.

दोनशे बारा नंबरची गाय
मशीन लावलं तरी पान्हा चोरते.
एलाद्यो तिच्याशी काहीबाही बोलायचा
आईच्या भाषेत, स्पॅनिशही नव्हती ती.
आम्ही कधी विचारलं नाही.

शेवटी ऑर्विनच वाकतो,
कोमट फडक्याने कास पुसतो,
आमच्याकडे न बघता
तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो.

गाय कान हलवते.
सडाला थेंब नाही.