साठा कुठे असतो

उणे एकतीस.
आर्वाइखेरच्या शाळेत हवा इतकी कोरडी
की फळा पुसला तरी खडूची धूळ खाली पडत नाही,
दुल्मा बाईंच्या बाहीवर जाऊन बसते.

टेबलावर थर्माकोलच्या दोन गोळ्या,
घोड्याच्या शेपटीच्या केसांना टांगलेल्या.
केस वडिलांच्या तुटक्या वाद्यातले,
हे बाई वर्गाला सांगत नाहीत.
पट्टी लोकरीवर घासली,
आधी एकीला टेकवली, मग दुसरीला.
गोळ्या दूर सरकल्या आणि तशाच राहिल्या, तिरक्या,
भांडून एकाच खोलीत झोपलेल्यांसारख्या.

"दोघींची खूण एकच, म्हणून."
मग फळ्यावर: अंतर दुप्पट,
जोर चौथाई,
साठा मात्र निम्मा.
"आणि शून्य कधी?"
"अनंतावर."
मागच्या बाकावरून बुयंदेल्गेर विचारतो,
"साठा असतो कुठे बाई? या गोळीत की त्या?"
घंटा होते. बाईंना बरं वाटतं.

यांजमा थोरली. चारशे तीस किलोमीटरवर,
राजधानीतल्या कारखान्यात काश्मिरी लोकर निवडते.
तिथे दिवसभर पाण्याचा फवारा चालू ठेवतात,
नाहीतर तंतू तंतूला उभा करत नाही.

वडील गेले तेव्हा एकशे ऐंशी शेळ्या होत्या.
यांजमाने आपल्या नव्वद थंडीआधी विकल्या.
दुल्माने ठेवल्या. मार्चमध्ये अकरा उरल्या.
कोण बरोबर होतं हे दिसतच होतं,
म्हणून तर कोणी बोललं नाही.
सहा वर्षं.

आमच्या भाषेत या खुणांची नावं
सावकाराच्या वहीत शोभावीत अशी:
धन, ऋण.
एक धन एक ऋण जवळ आले
की जोडीच ऋणात जाते,
सोडवायची तर बाहेरच्या कोणी फेडावं लागतं.
या दोघींचं तसं नव्हतं.
एकाच बापाची खूण, एकच हट्ट.
इथे खर्च जवळ आणायलाच,
आणि शेवटच्या वीतभर अंतराला सगळ्यात जास्त.

खर्च केला त्सेरेन्ल्हाम मावशीने.
रोज फोन. कधी रडून, कधी
"मी मेल्यावर भेटा मग" म्हणून,
एकदा तर बसचं तिकीटच काढून.
नऊ तास. खिडकीवर आतून बर्फ.
मांडीवर वाळवलेल्या दह्याची पिशवी,
जी दुल्माने दोनदा वाटेत कोणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं.

नव्या वर्षाची सकाळ. दोघींचे रेशमी डेल,
आत लोकर, पायाखाली नायलॉनचा गालिचा.
रीत अशी की धाकटीचे हात खाली,
थोरलीचे वर, कोपराला आधार.
दुल्माने तळवे पुढे केले.
हात पोचायच्या आधी
निळा, बारीक, सुईएवढा
चटका.

"आई गं," यांजमा म्हणाली,
सहा वर्षांतला पहिला शब्द.
दोघींनी हात झटकले. मावशीने श्वास रोखला.
दुल्माच्या मनात, नको तेव्हा, वर्ग उघडला:
खूण समान असली म्हणजे पातळी समान असतेच असं नाही.
एकीकडे जास्त होतं. कोणाकडे, ते ठिणगीला विचारून कळत नाही.
मग तिने हात पुन्हा खाली नेले
आणि या वेळी काही झालं नाही,
नुसती कोपरं, जड, खरी.

शेळ्यांचा विषय निघाला नाही.
निघेल. फवारा किती दिवस पुरणार.

सोमवारी बाईंनी गोळ्या पुन्हा घासून टांगल्या.
सरकल्या. तिरक्या झाल्या.
"बुयंदेल्गेर, पुढे ये.
यातली एक काढ, आणि घेऊन जा
पार जिन्याखालपर्यंत."
तो गेला. वर्ग बघत राहिला.
उरलेली गोळी हळूहळू खाली आली,
सरळ लोंबली, गवंड्याच्या ओळंब्यासारखी.
प्रभार होता तेवढाच तिच्यावर.
ढकलायला कोणी नव्हतं.

जिन्याखालून आवाज आला,
"बाई, आता?"