जामीन

नंदगडात आम्ही मुलीसुद्धा 'आलो', 'गेलो' म्हणतो.
पुण्यात पहिल्या रात्री होस्टेलच्या जिन्यात
कुणीतरी हसलं, तेव्हापासून मी 'आले' झाले.
युनिफॉर्म नंतर मिळाला.

त्याच्याही आधी स्टॅम्प पेपर.
खानापूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलावर
बोजड इंग्रजीत:
डॉक्टरकीचं शिक्षण सरकारचं, पुढची सात वर्षं सरकारची,
मध्येच सोडलं तर इतके लाख,
आकड्यात, आणि चूक नको म्हणून अक्षरात.
बाबा कौलांच्या भट्टीवरून तसेच आलेले.
सही करताना कागदावर एक तांबूस बोट उमटलं.
टायपिंगवाला म्हणाला, असू दे, पुसू नका, फाटेल.

जामीनदार दोन हवेत.
एक मामा, लोंढ्याला रेल्वेत.
दुसऱ्यासाठी बाबांनी तीन घरं गाठली,
तिन्ही घरी चहा मिळाला.
शेवटी बियाणांच्या दुकानातले ईरण्णा हुक्केरी
गल्ला पोरावर टाकून सायकलीवर आले.
तो महिना मोर्च्यांचा. पाट्यांना काळं फासलेलं,
बेळगावच्या बसा डेपोतच.
त्यांनी कागद वाचला नाही.
खिशातून दुकानातलं पेन काढलं, तुटकी सुतळी तशीच लोंबत,
आणि कन्नडमध्ये सही केली,
गोल गोल, भाकरी थापल्यासारखी.
'आग्ली बिडु,' म्हणाले, 'पोरगी पळून पळून पळणार कुठं,
मिलिटरीतच न्हवं?'

पैशाचं कर्ज नोटांनी फिटतं, हे हजेरीनं.
पत्र्याच्या खोलीत सलाईनची बाटली
कोटाच्या आत पोटाशी धरून ऊब द्यायची,
मग पोराच्या शिरेत.
पहिली दोन वर्षं मी दिवस मोजले.
नंतर हातमोजे मोजले, ते नेहमी कमी पडायचे.

तिसऱ्या वर्षी सुट्टीत
बेळगावातले एक हॉस्पिटलवाले म्हणाले,
'रक्कम आम्ही भरतो, तुम्ही सोमवारपासून या.'
मी होय म्हणणार होते. खरंच.
त्यांनी पेन पुढे केलं, सोनेरी टोपणाचं.
त्याला सुतळी नव्हती.
लोक विचारतात, देशासाठी राहिलात ना?
सुतळीचं कसं सांगायचं?

सहाव्या वर्षी ईरण्णा गेले.
फोनवर बाबा आधी पावसाचं बोलले, मग भट्टीचं, मग ते.
मी ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं,
जामीनदार वारला तर त्याची सही चालू राहते का?
म्हणाला, मॅडम, नियम बघून सांगतो.
अजून सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मंगळवार होता.
टेबलावर निपाणीकडचा लान्स नायक, मांडीत लोखंडाचे तुकडे.
शुद्धीवर येता येता म्हणाला, 'पाय हाय का?'
'हाय की. आत्ताच बघून आलो.'
त्यानं डोळे उघडले.
'म्हंजे तुम्ही आमच्याकडच्याच.'
घड्याळ पाहिलं तेव्हा दोन वाजून गेलेले,
सात वर्षांवर दोन तास जास्तीचे.
त्याची पावती कुणी फाडत नाही.

कागद परत मिळाला.
बाबांचं बोट अजून तांबूस.
दुकानात ईरण्णांचा मल्लेश ज्वारीचं बी मोजत होता.
त्यानं कागद उलटसुलट पाहिला,
सहीवर अंगठा ठेवून जरा थांबला,
मग चार घड्या घालून
वजनकाट्याच्या एका पायाखाली सरकवला.
काटा तरीही थोडा डुगडुगला.
'अव्वा आत हाय,' तो म्हणाला,
'गुडघा लई दुखायलाय. बघतीस काय?'

मी चप्पल काढली.