नंतरच्या पिशव्या

तळघरात आमचा फ्रीझर, पेटीसारखा, पांढरा.
झाकण उघडलं की आत एकच शब्द, चाळीस वेळा:
नंतर.
रोझेरच्या हातचा, रंगाऱ्याच्या चिकटपट्टीवर,
सुताराच्या पेन्सिलीनं. थंडीत शाई फुटते म्हणतो.

मूस सोलून टांगला की
चांगलं मांस सगळ्यांनाच दिसतं.
कंबर, मांडी, पाठीची पट्टी, त्यांना नावं असतात,
कागदात गुंडाळून त्यांना पाहुण्यांसारखं नेतात.
रोझेर मागं राहतो टेबलापाशी,
मानेजवळचं, फासळ्यांमधलं, नडगीचं,
बोटभर, नखभर,
चिवट पांढऱ्या पडद्यातून सोडवून
परातीत जमवत.
"ह्याचं काय करायचं?" लग्न नवीन होतं, मी विचारायची.
"नंतर दळू."

मग नोव्हेंबरात हरणं.
मग माझ्या भावाचं डुक्कर, त्याची चरबी वेगळ्या पिशवीत,
कारण मूसला स्वतःची अशी चरबी नसतेच,
उसनी आणावी लागते.

ऑगस्टात वादळ झालं.
नदीपलीकडे, कॅनडात, दिवे होते,
आमच्या काठाला गुडुप्प.
पहिल्या दिवशी रोझेर म्हणाला, झाकण उघडू नका.
दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रीझरवर गोधड्या घातल्या,
आजाऱ्यावर घालाव्यात तशा.
तिसऱ्या दिवशी फरशीवर गुलाबी पाणी
आणि ते चाटत बसलेला कुत्रा.

मी एक पिशवी दाबून पाहिली.
वरून बोट रुतत होतं, आत अजून खडा.
"अगदी असंच लागतं," रोझेर म्हणाला
आणि हसला, चोरी सापडल्यासारखा.
दगड झालेलं मांस पातं मोडतं,
मऊ पडलेलं पात्याला गुंडाळून लगदा होतं,
मधे कुठेतरी तास-दीड तास असतो.
इतक्या वर्षांत तो आम्हाला सापडला नव्हता.

त्याच्या आईचं हातयंत्र टेबलाच्या कडेला आवळलं.
शेजारची लेओन्तीन आली, दोन नातू घेऊन,
पोस्टातून निवृत्त झालेला ओनेझीम आला,
त्याचा एकच हात चालतो, पण दांड्याला एकच लागतो.
गॅसवर मोठं पातेलं, कांदा, लवंग, दालचिनी.
नातू पट्ट्यांवरचे महिने मोठ्यानं वाचत होते,
आम्ही त्यांना गप्प करत होतो,
आपलं वय कोणी वाचून दाखवावं तसं वाटत होतं.

सगळ्यात तळाशी एक पिशवी निघाली,
तिच्यावर नंतर नव्हतं.
एमेरिक, एवढंच. आणि नऊ वर्षांपूर्वीचं साल.
तेव्हा तो सोळाचा होता. नेम अचूक लागला,
मग झाडामागं जाऊन ओकला.
आता हार्टफर्डला असतो, मांस खात नाही,
नाताळला फोन करून बापाशी हवामानाबद्दल बोलतो.

मांस राखाडी पडलं होतं, कडा पांढऱ्या, लाकडासारख्या.
थंडीनंही भाजतं, हे मला या घरात आल्यावर कळलं.
ओनेझीमनं दांडा थांबवला.
रोझेरनं लहान सुरी घेतली
आणि छाटणीची छाटणी करत बसला,
पापुद्र्यामागून पापुद्रा,
मुठीएवढं लाल उरेपर्यंत.
ते त्यानं सगळ्यात शेवटी यंत्रात घातलं,
मागोमाग पावाचा तुकडा, आत काही अडकू नये म्हणून.
पाव गुलाबी होऊन बाहेर आला.
तो कुत्र्याला. लाल मात्र पातेल्यात, सगळ्यांच्यात.

रात्री नऊला वीज आली.
खाली रिकामा फ्रीझर घुमायला लागला.
ओट्यावर भाजलेल्या सालींचा ढीग होता,
मी वळून पाहिलं तर नव्हता,
आणि तळघरातून
चिकटपट्टी फाडल्याचा आवाज.