बॅकेलाइट

लोक विचारतात, वाजतो का?
मी सांगतो, नाही. आतलं मी ठेवतच नाही.
व्हॉल्व्ह, कॉइल, तांब्याचं सगळं जंजाळ
ब्रेंटवुडचा एक माणूस पिशवीतून घेऊन जातो.
मला हवं असतं नुसतं कवच.
भिंतीलगत एकवीस आहेत.
गोल, चौकोनी, देवळीसारख्या कमानीची,
आणि एक शेवाळी हिरवं, ज्याच्यासाठी मी
लीड्सपर्यंत धुक्यातून गाडी हाणली
आणि बायकोला म्हणालो, कॉन्फरन्स आहे.

साउथएंडमध्ये मी कवळ्या बनवतो.
सत्तावीस वर्षं, एका जिन्याखालच्या खोलीत,
जिथून समुद्र दिसत नाही, ओहोटीचा वास तेवढा येतो.
प्यूमिसची पूड, ओल्या कापडाचं चाक,
दिवसा हिरड्यांचा गुलाबी,
रात्री बॅकेलाइटचा तपकिरी.
घाई केली की तापतं,
तापलं की डाग पडतो,
मग तो डाग जन्मभर तुमच्याकडे बघून हसतो.

मार्चमध्ये मिसेस टफनेलचा फोन आला.
"गोल आहे. काळं. येऊन बघ."
काळं आणि गोल!
त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

तिच्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याशेजारी,
उभ्या धरलेल्या परातीएवढं.
डायलच्या कमानीत हिल्व्हर्सम, आथलोन, लक्झेंबर्ग.
कुठेही चीर नाही.
मी बोट फिरवत राहिलो, ती चहा ओतत राहिली.
"पंधराव्या वर्षी प्रेसवर होते मी.
पूड ओतायची, साचा खाली, आकडे मोजायचे, साचा वर.
केसांना फिनेलसारखा वास यायचा.
नाचायला गेलं तरी पोरं ओळखायची,
ही कारखान्यातली.
हे माझ्याच हातचं की नाही, कोण जाणे.
मी आपली धरून चालते."

मागचा पुठ्ठा सोडवला. चार स्क्रू, एक गंजलेला.
आत सेट नव्हताच.
आत चहाच्या रुमालात गुंडाळलेली
वरची कवळी होती.

उलटी करून पाहिली, सवयीनं.
टाळूच्या मागच्या कडेला बारीक कोरलेलं: ४१७.
माझे आकडे. इथं कोण वाचणार,
म्हणून मी ते मराठीत कोरतो.

"सिरिल म्हणायचा, मासा आहे तो,"
मिसेस टफनेल चारावर बोट ठेवून म्हणाली,
"ही काठी. आणि हा गळ.
धक्क्यावर मासे धरायला बसायचा ना,
त्याला वाटायचं, तू ओळखून काढलंस."

मी काही बोललो नाही.
मला सिरिल आठवत नव्हता.
साच्यात ओतलेला एक जबडा आठवत होता,
डावा सुळा जरा वाकडा मागितलेला,
आधी होता तसाच.

"बातम्यांवरही बोलायचा, हवामानावरही.
एक वाक्य धड ऐकू दिलं नाही.
शेवटी सेट काढून टाकला, आणि आता
त्यालाच बसवलाय आत."

मी किंमत विचारली. विचारायला नको होती.
"विकायचं कुठं आहे? पॉलिश करून दे."
"कशाला?"
"दोन्हीला."

दहा दिवस लागले. गंजका स्क्रू बदलला.
बायको चाकाशी येऊन उभी राहिली, म्हणाली,
हे कुणाचं, इतकं हळू?

परत नेऊन दिलं तेव्हा पाणी मैलभर मागे गेलेलं,
होड्या चिखलात कुशीवर.
पुठ्ठा लावत होतो, तर मागून म्हणाली,
फार आवळू नकोस,
रविवारी उघडते मी.