निम्मा करंट

उद्यमबागेत रात्रपाळी. लेथ थांबवून
कल्लाप्पा मोबाईल टूलबॉक्सला टेकवतो.
यंदापासून, तो सांगतो,
निम्मी ताकद पेट्रोलची, निम्मी बॅटरीची.
खरं ती भरायची कुठं? धावता धावता.
वळणाआधीच पाय उचलायचा,
ब्रेकमधनं करंट गोळा करायचा.
उधळलास तर सरळ रस्त्याच्या शेवटाला
गाडी दमते, मागचा पुढं जातो.

"म्हणजे दाबणारा नाही,
उचलणारा जिंकणार?" इराण्णा हसतो,
"इदेन रेस, माराया!"

मला बाबा दिसले.
चोर्ला घाटात टेंपो न्यूट्रल,
इंजिन बंद, नुसता टायरांचा आवाज
आणि मागं सरकणारी कोबीची पोती.
आई म्हणायची, डिझेलच्या नादात
जीव सांडाल एक दिवस.
ते बोलायचे नाहीत.
कान लावून असायचे
उतार किती उरलाय त्याला.

तेवढ्यात हेस्कॉमनं करंट काढला.
अख्खी गल्ली काळी. भट्टीच्या तोंडाशी तेवढी लाली.
मोबाईलवर नऊ टक्के,
फेऱ्या अजून अकरा.
कल्लाप्पानं उजेड कमी केला,
मग आवाज बंद केला.
आम्ही तिघं डोकी जवळ आणून बसलो,
कुणी काही बोललं नाही.