क्रियापद शेवटी

धडा एकोणिसावा. फळ्यावर लिहिते: जिशिन.
भूकंप, कोणीतरी पुटपुटतं.
नारायण पेठ, तिसरा मजला. खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन सुरू झालं
की आमच्या बाकांना बारीक थरथर सुटते.
तेवढ्यावरच भागवलंय आम्ही आजवर.

तेइदेन, वीज जाणे.
दान्सुइ, पाणी बंद.
"म्हणजे गुरुवार," निलोफर तांबोळी म्हणते
आणि वर्ग हसतो.
ती सेंदाईला चाललीय, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला.
तिच्या वहीच्या पहिल्या पानावर
"कुठे दुखतंय?" सात तऱ्हांनी लिहिलेलं.

ताकादाइ, पाणी पोचणार नाही अशी उंच जागा.
आपल्याकडे कुठली? मी विचारते.
"पर्वती."
"बिल्डिंगची गच्ची. पण तिला कुलूप,
आणि किल्ली सेक्रेटरींकडे."

योशिन. मोठ्या धक्क्यानंतरचे लहान धक्के.
"किती दिवस येतात, मॅडम?"
दिवस, आठवडे, असं पुस्तकात दिलंय.
शेवटच्या बाकावरून वैजनाथ सगर
(भोसरीत वेल्डिंग, गाव किल्लारीच्या अलीकडे)
वहीकडे बघत म्हणतो,
"आमच्या वडलांना एकतीस वर्षं येतायत.
थंडीतसुद्धा बाज अंगणात.
सरकारनं दिलेलं पक्कं घर आहे, फॅन आहे,
त्यात आम्ही सोयाबीनची पोती ठेवतो."

मी खडू खाली ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

पुढे व्याकरण होतं, विनंती आणि आज्ञा.
निगेते कुदासाइ: कृपया पळावे.
निगेते: पळा.
निगेरो: पळ.
हे शेवटचं रूप ओळखू आलं तरी पुरे, मी दरवर्षी सांगते,
तोंडी आणू नका, उद्धट वाटतं.
आणि हेही सांगते, की लाट येताना
तिकडच्या निवेदिकेचंसुद्धा कुदासाइ गळून पडतं.
"चुलतीनं वडलांना नावानंही हाक मारली नव्हती,"
वैजनाथ आता माझ्याशीच बोलत होता,
"नुसतं 'ऊठ' म्हणाली.
पुढचा शब्द तिला मिळाला नाही."

साडेआठला वर्ग सुटला. भिडे पूल दुपारपासून बंद.
कोपऱ्यावर कॉर्पोरेशनची रिक्षा, टपावर भोंगा:
खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात
विसर्ग वाढविण्यात येत असून
नदीकाठच्या सर्व नागरिकांनी सतर्क राहून,
आवश्यकता भासल्यास, मौल्यवान वस्तू व जनावरांसह…
रिक्षा वळली.
क्रियापद ओंकारेश्वराच्या बाजूला निघून गेलं.

पहिल्या तासाला मी किती कौतुकानं सांगते:
बघा, आपली भाषा आणि त्यांची, किती जवळच्या,
दोन्हींत क्रियापद शेवटी येतं.

घाटाच्या कठड्याशी ही गर्दी, मोबाईल वर धरलेले.
पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आवाज न करता चढणारं,
त्यावर एक थर्माकोलचं मखर, एक चप्पल.
आणि खाली, अगदी शेवटच्या पायऱ्यांवर,
पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ पँट दुमडून
नदीपात्रातल्या आपल्या स्कूटरकडे निघालेले.
"अहो," मी म्हणाले. "अहो, जरा ऐकता का, आपण
तिकडे…"
सव्वीस वर्षं दोन भाषांचं व्याकरण शिकवते मी,
आणि माझं वाक्य अजून सर्वनामापाशीच.

शेजारी निलोफर. छत्री माझ्या हातात दिली,
दोन्ही तळवे तोंडाशी धरले, आणि
"वर ये!"

अख्खा घाट तिच्याकडे वळला.
ते थांबले. घोट्याला लागलेलं पाणी
तेवढ्यात पोटरीला आलं होतं, ते त्यांनी पाहिलंच नाही.
"अरे-तुरे कुणाला करतेस गं? वय काय तुझं?"
असं म्हणत, बोट रोखून, लालबुंद होऊन,
भांडायला ते
सगळ्या पायऱ्या चढून वर आले.