परमिट

कोच फोनवर म्हणाला, आता कमी.
शेवटचे सोळा दिवस.
पोहणं निम्मं, सायकल निम्मी,
धावणं चाखण्यापुरतं.
कमावलंस ते कमावलंस,
आता फक्त सांडू नकोस.

मार्चपासून मोजते आहे.
मामा तलावाचे फेरे,
फागूचा डोंगा पुढे, त्याच्या बॅटरीमागे मी.
श्रावणानंतर शिंगाड्याचे वेल.
एकदा पाय गुंतला, मी हिसके दिले,
फागू वरून म्हणाला,
ओढू नोका मॅडम, सैल सोडा,
तो आपणच सोडते.
त्या पाण्याला चिखलाची आणि कमळाच्या देठाची चव.
समुद्राची मला माहीत नाही.
शर्यत समुद्रात आहे.

रविवारी सायकल, देवरीच्याही पुढे,
छत्तीसगडची पाटी शिवून परत.
जंगलातला रस्ता सहाच्या आत बंद.
नाक्यावरचा वनरक्षक बिडी विझवत म्हणायचा,
थांबा, अजून ती गेली नाही.
ती म्हणजे कोण, हे आम्ही दोघंही बोलायचो नाही.
एक पाय पेडलवर, एक मातीत,
मनगटावरचं घड्याळ चालूच.
आता अर्ध्या डांबरावर धान वाळतंय,
उरलेल्या अर्ध्यात एसटी, ट्रॅक्टर, मी.
वाळत्या धानावरून चाक नेऊ नये,
हा नियम शर्यतीच्या पुस्तकात नाही.
मी पाळला.

आणि आज चारला उठून
करायला काही नाही.
गुडघा दुखतो. डावा.
काल उजवा दुखत होता.
शेजारचं पोर शिंकलं की मी दार लावून घेते.
टायरची हवा दोनदा बघितली, तिसऱ्यांदा नुसती दाबली.
सबस्टेशनवर मडावी म्हणतो,
ताई, खांबावर मी चढतो, तुम्ही बसा.
राग येतो.
बसते.

उरकुडा नान्हे पटाचे बैल राखतो.
त्याच्या गोठ्याचं मीटर बघायला गेले
तर जोडी दावणीला, अंगावर तेलाची चकाकी,
एक बैल खुरानं सारखी जमीन उकरत होता.
हा काहून असा करते?
पंधरा दिस झाले, जुपला नाही, तो म्हणाला.
पटाच्या आधी नाही जुपत आम्ही.
निसता चारतो, धुतो, सावलीसावलीनं फिरवतो.
मंग त्याले वाटते, आपल्याले इसरले.
राग येते त्याले.
थो राग लागते ना पटावर.
मग माझ्या पोटऱ्यांकडे बघितलं त्यानं,
बाजारात बघतात तसं, बिनदिक्कत,
आणि म्हणाला, तुमी बी कमी फिरा.

रात्री पाय झोपत नाहीत.
आत काहीतरी बारीक गुणगुणतं,
ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की येतो तो आवाज.
हे मला नवीन नाही.
लाइनवर हात घालायचा तर आधी परमिट,
पण परमिट मिळालं म्हणून तार मेली, असं नसतं.
बंद तारेतही उरलेलं असतं.
म्हणून आधी साखळी टाकायची,
तिला जमिनीशी बांधायचं,
मग हातमोजे असले तरी
एक श्वास थांबायचं.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या तारांवर हे केलं.

उठते. अनवाणी अंगणात.
दवानं भिजलेल्या मातीत बोटं रुतवून उभी राहते.
थोडंच जाऊ दे, म्हणते.
बाकीचं लागेल.

परवा फागू पिशवी घेऊन आला,
गाडीत खायला उकडलेले शिंगाडे,
काळी सालं, अजून कोमट.
मी एक सोलून तोंडात टाकला.
फागू, मीठ नाही घातलं?
तो सायकलच्या सीटवर हात ठेवून उभा होता,
हसला.
मीठ तिकडं भेटन तुमाले.